बोगद्यात काय घडलं? एका मिनिटाच्या विनोदी मूकपटाची उलटतपासणी

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक वाक्य ऐकावं लागतं: “अहो, तो काळच तसा होता.” जुना ग्रंथ घ्या, जुना कायदा घ्या, नाहीतर जुना विनोद घ्या. त्यातलं काही खटकलं आणि तुम्ही तसं बोलून दाखवलंत, की हे वाक्य येतं आणि चर्चा तिथंच मिटते. सेमिनारमध्ये येतं, व्हायव्हात येतं, घरी जेवताना तर हमखास येतं. या वाक्याचं संशोधकाने काय करायचं, हे आज बघू. उदाहरणाला घेतलाय सुमारे एका मिनिटाचा एक अमेरिकन विनोदी मूकपट.

सिनेमाचं नाव ‘व्हॉट हॅपन्ड इन द टनेल’, म्हणजे ‘बोगद्यात काय घडलं’. साल 1903. निर्मिती थॉमस एडिसनच्या कंपनीची, दिग्दर्शक एडविन पोर्टर. याच पोर्टरने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ आणला आणि सिनेमाच्या इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात जागा मिळवली. त्याच्या काही आठवडे आधीचा हा छोटा सिनेमा मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. इंटरनेटवर तो फुकट बघायला मिळतो. शक्य असेल तर आत्ता बघून या, मग पुढे वाचा.

आधी वर्णन, मग मत

मी मूळची विज्ञानशाखेची. एमएस्सीच्या प्रयोगवहीत निरीक्षणं एका पानावर आणि निष्कर्ष दुसऱ्या पानावर लिहायची शिस्त होती. सिनेमाच्या इतिहासाकडे वळल्यावर ही सवय सोडावी लागेल असं वाटलं होतं. झालं उलटंच, तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली. म्हणून आधी नुसतं निरीक्षण.

आगगाडीच्या डब्याचा आतला भाग. खिडकीबाहेर दृश्य मागे पळतंय. एक गोरी तरुणी बसली आहे, शेजारी तिची कृष्णवर्णीय मोलकरीण. मागच्या बाकावर एक गोरा तरुण. तरुणीचा रुमाल खाली पडतो. तरुण तत्परतेने तो उचलून देतो आणि देता देता तिचा हात धरतो. तिच्याकडे झुकतो. एवढ्यात गाडी बोगद्यात शिरते आणि पडदा काळाकुट्ट होतो. काही सेकंद काहीच दिसत नाही. उजेड येतो तेव्हा दोघींनी जागा बदललेल्या आहेत आणि तो तरुण मोलकरणीचं चुंबन घेतोय. चूक कळताच तो ओशाळतो आणि वर्तमानपत्रामागे तोंड लपवतो. दोघी बायका खो खो हसतात. संपलं.

तरुणाचं काम करणारा नट जी. एम. अँडरसन. हाच पुढे ‘ब्रॉन्को बिली’ नावाने पडद्यावरचा पहिला मोठा काउबॉय झाला आणि 1907 साली एसॅने कंपनीचा भागीदार-संस्थापकही. मोलकरणीच्या भूमिकेसाठी बर्था रेगुस्टस हे नाव दिलं जातं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

वर्णनात मी ‘वर्णद्वेषी’ हा शब्द वापरला नाही. ‘मजेशीर’ हाही नाही. आधी विशेषण लावलं की आपण बघणं थांबवतो, म्हणून. या विशेषणरहित वर्णनातूनही एक छोटी गोष्ट हाती लागते. खिडकीबाहेर पळणारं दृश्य खरं नाही. डबा म्हणजे स्टुडिओतला सेट. खिडकीचा भाग झाकून आधी नट चित्रित करायचे, मग त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा फक्त खिडकीपुरतं बाहेरचं दृश्य घ्यायचं, अशी ती युक्ती. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’तही हीच युक्ती आहे. तेव्हा हा सिनेमा 1903 सालच्या रेल्वेप्रवासाची नोंद आहे असं समजू नका. कोण कुठे बसणार, कोण कुणाशेजारी असणार, हे सगळं कुणीतरी ठरवून मांडलेलं आहे. आणि जे ठरवून मांडलंय त्याला ‘का?’ असं विचारता येतं.

एकटा नमुना कधीच पुरत नाही

एका वाचनावरून निष्कर्ष काढलात तर प्रयोगशाळेत कुणी उभं करत नाही. इतिहासातही एकाच सिनेमावरून बोलू नका, मालिका शोधा. बोगद्यातल्या चुंबनाची मालिका सहज सापडते.

1899 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज आल्बर्ट स्मिथने ‘अ किस इन द टनेल’ काढला. त्यात स्मिथ स्वतः आणि त्याची बायको लॉरा बेली. गाडी बोगद्यात शिरते, अंधाराचा फायदा घेऊन जोडपं चुंबन घेतं, गाडी बाहेर येते. बस. इंजिनाच्या पुढच्या बाजूने घेतलेल्या बोगद्याच्या चित्रफितीमध्ये हा तुकडा जोडून दाखवायचा, अशी कल्पना होती. इथे कुणाची फजिती नाही. हसू येतं ते चोरट्या आनंदाचं.

अमेरिकेत येता येता गंमत बदलली. झिगमंड लुबिनच्या कंपनीचा ‘लव्ह इन अ रेलरोड ट्रेन’ एडिसनच्या सिनेमाच्या थोडा आधीचा. त्यातही एक पुरुष प्रवासात बाईच्या मागे लागतो, गाडी बोगद्यात जाते आणि बाहेर आल्यावर कळतं की त्याने चुंबन घेतलंय ते तिच्या तान्ह्या बाळाच्या कुल्ल्याचं. 1904 मध्ये बायोग्राफ कंपनीचा ‘द मिसडिरेक्टेड किस’ येतो. त्यात दृष्टी अधू झालेला एक म्हातारा तरुणीच्या हाताचं चुंबन घ्यायला जातो आणि हात निघतो तिच्या कृष्णवर्णीय मोलकरणीचा.

आता या सिनेमांची रचना एका सूत्रात मांडून बघा. पुरुषाला ‘क’ हवी असते, त्याला ‘ख’ मिळते, आणि प्रेक्षक हसतो. हे सूत्र चालायला ‘ख’ अशीच हवी, की जिचं चुंबन घेणं म्हणजे पुरुषाची नामुष्की हे प्रेक्षकाला सांगावंच लागू नये. लुबिनने ‘ख’च्या जागी बाळाचं ढुंगण ठेवलं. पोर्टरने त्याच जागी एक प्रौढ, नीटनेटक्या कपड्यांतली, नोकरी करणारी बाई ठेवली. आणि विनोद तसाच चालला! सूत्रात एकीच्या जागी दुसरं घालून बघितल्यावर त्या बाईची किंमत त्या विनोदाने काय लावली होती ते उघड होतं. हा निष्कर्ष काढायला मला संतापाची गरज पडली नाही, दोन सिनेमे शेजारी ठेवणं पुरलं.

डब्यात बसायचा हक्क कुणाला?

आता सिनेमातून बाहेर पडून त्या बाकाकडे बघू. 1903 सालच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय बाई गोऱ्या बाईशेजारी आगगाडीत बसू शकत होती का? उत्तर आहे, राज्यावर अवलंबून. सिनेमा तयार झाला तो न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत, आणि न्यूयॉर्क राज्यात तसा अडथळा आणणारा कायदा नव्हता. दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र होता.

लुइझियाना राज्याने 1890 साली वेगळ्या डब्यांचा कायदा केला. गोऱ्यांचे डबे वेगळे, कृष्णवर्णीयांचे वेगळे. या कायद्याला आव्हान द्यायचं म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या होमर प्लेसीने 7 जून 1892 रोजी मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसून अटक करून घेतली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 18 मे 1896 रोजी न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरवला. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व इथूनच देशभर रूढ झालं.

या कायद्यात एक अपवाद होता. दुसऱ्या वर्णाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दाईला त्या मुलांबरोबर बसायची मुभा होती. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. अपवाद फक्त मुलांच्या दाईपुरता आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. एखाद्या गोऱ्या बाईची कृष्णवर्णीय मोलकरीण प्रवासात मालकिणीच्या सेवेसाठी त्याच डब्यात बसायचा आग्रह धरेल, तर या कायद्याप्रमाणे तिला दंड किंवा कैद होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. सिनेमातलं चित्र अगदी हेच आहे! पोर्टरच्या सात वर्षं आधी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ते उदाहरण म्हणून येऊन गेलं होतं.

अजून थोडं मागे जाऊ. 1884 मध्ये टेनेसी राज्यात आयडा बी. वेल्स नावाची एक तरुण शाळामास्तरीण पहिल्या वर्गाचं तिकीट काढून स्त्रियांच्या डब्यात बसली होती. कंडक्टरने तिला उठायला सांगितलं, तिने नकार दिला, आणि तिला ओढून बाहेर काढण्यात आलं. तिने रेल्वे कंपनीवर खटला भरला, खालच्या न्यायालयात 500 डॉलरची भरपाई जिंकली. 1887 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गोऱ्या कुटुंबासोबत नोकर म्हणून आलेल्या कृष्णवर्णीय बाईला बऱ्याच ठिकाणी चालवून घेतलं जाई. पण स्वतःचं तिकीट काढून, स्वतःच्या कामासाठी प्रवास करणाऱ्या बाईला नाही. म्हणजे हरकत नुसत्या शेजारी बसण्याला नव्हती, बरोबरीने बसण्याला होती.

आता पुन्हा सिनेमाकडे या. पोर्टरच्या डब्यात ती बाई बिनदिक्कत बसली आहे, कारण ती मोलकरीण आहे. मग बोगद्याच्या अंधारात ती मालकिणीच्या जागेवर येते. काही सेकंदांपुरती दोघींची अदलाबदल होते. वेल्सला ज्या जागेवरून ओढून काढलं, ती जागा. हसू नेमकं कशाचं, हा प्रश्न इथे जास्त टोकदार होतो. पुरुषाच्या फजितीचं, की त्या जागेवर ‘ती’ बसल्याचं?

अंधारात काय झाकलं जातं

सिनेमाचं नाव विचारतं की बोगद्यात काय घडलं, आणि सिनेमा नेमकं तेच दाखवत नाही. जागा बदलायची कल्पना कुणाची? मालकिणीने खूण केली आणि मोलकरणीने ऐकलं? की दोघींनी मिळून ठरवलं? काळ्या पडद्याने हा भाग कथेतून वगळला आहे. वगळलेला भाग हाही पुरावा असतो. मालकिणीला नको असलेला स्पर्श मोलकरणीकडे वळवला जातो, आणि मोलकरणीला तो चालणार होता का, हा प्रश्न विचारायची गरज सिनेमाला वाटत नाही. पगारात हेही काम धरलेलं आहे, अशा थाटात.

याहून मोठी गोष्ट अशी, की विनोदाचं सगळं गृहीतक इतिहासाच्या उलटं आहे. विनोद म्हणतो, गोरा पुरुष कृष्णवर्णीय बाईला हात लावेल तर केवळ चुकून, अंधारात. पण व्हर्जिनियात 1662 सालीच कायदा झाला होता, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. असा कायदा का लागला? कारण गोऱ्या बापांची मुलं गुलाम बायकांच्या पोटी जन्मत होती, आणि बाप स्वतंत्र आहे म्हणून मुलाला स्वातंत्र्य द्यायची मालकांची तयारी नव्हती. हॅरिएट जेकब्जने गुलामीतून पळून आल्यावर 1861 साली आपली कहाणी छापली. मालकाचा पिच्छा चुकवण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर, जिथे धड उभंही राहता येत नव्हतं अशा जागेत, जवळजवळ सात वर्षं लपून होती. गुलामी 1865 साली कायद्याने संपली. 1903 साली सिनेमा बघणाऱ्यांतल्या साठीच्या माणसांनी ती डोळ्यांनी पाहिली होती.

बळजोरीचा इतका लांब इतिहास ‘अरेच्चा, चुकून झालं’ या एका विनोदात गडप होतो. अन्यायाची थट्टा हा एक प्रकार झाला. पण अन्याय कधी घडलाच नव्हता असं भासवणारी थट्टा, हा त्याहून वेगळा प्रकार. दोन्हींत फरक करायला शिका, कारण दुसरा प्रकार पकडायला कठीण जातो. त्यात शिवी नसते. आवाज चढलेला नसतो. सगळे हसत असतात.

‘तो काळच तसा होता’ हे गृहीतक आहे, तपासा

आता सुरुवातीच्या वाक्याकडे. ‘तो काळच तसा होता’ या वाक्याचा अर्थ काय होतो? त्या काळात सगळेच असं मानत होते, वेगळं कुणाला सुचतच नव्हतं, असा. हे तपासता येण्याजोगं विधान आहे. विज्ञानात आपण जे करतो तेच करा: विधान खरं मानून चाला आणि त्याला खोटं पाडणारा पुरावा शोधा.

पहिला पुरावा आयडा वेल्स, 1884. तिला ते चूक वाटत होतं, आणि ते न्यायालयात सांगायची हिंमतही होती. दुसरा पुरावा हार्लन, 1896. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर बसलेल्या एका गोऱ्या माणसाला ते चूक दिसत होतं, आणि त्याने ते लिहून ठेवलं. पण हे दोघं कायद्याचे साक्षीदार झाले. सिनेमातला पुरावा हवा असेल तर?

तोही आहे. 1898 साली शिकागोत विल्यम सेलिगने एक छोटी चित्रफीत काढली होती, ‘समथिंग गुड – निग्रो किस’. सेंट सटल आणि गर्टी ब्राउन हे दोन कृष्णवर्णीय कलावंत एकमेकांचं चुंबन घेतात, हात हातात घेऊन झोके घेतात, हसतात, पुन्हा जवळ येतात. अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा तुकडा. त्यात फजिती नाही, चूक नाही, अंधार नाही. दोन माणसं एकमेकांवर खूश आहेत, एवढंच. ही चित्रफीत दीर्घकाळ विस्मरणात होती. 2017 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात डिनो एव्हरेट यांना तिची प्रत सापडली, शिकागो विद्यापीठाच्या अॅलिसन नादिया फील्ड यांनी ती कुठली, कुणाची, हे शोधून काढलं, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत तिचा समावेश झाला.

पोर्टरच्या पाच वर्षं आधी, त्याच देशात, तशाच यंत्राने, कृष्णवर्णीय बाईचं चुंबन हा विनोद न करता दाखवता येत होतं आणि दाखवलं गेलं होतं. तेव्हा ‘तो काळच तसा होता’ हे गृहीतक टिकत नाही. टिकतं ते एवढंच, की त्या काळात बरेच लोक तसे होते, त्यांच्याकडे मोठ्या कंपन्या होत्या, आणि काही लोक तसे नव्हते. ‘काळ’ या शब्दाआड आपण कुणाचं मत सगळ्यांचं म्हणून खपवतोय, हे प्रत्येक वेळी बघायचं.

घाईने दुसऱ्या टोकाला जाऊ नका

इथपर्यंत आलेला हुशार विद्यार्थी एक गोष्ट हमखास करतो. सिनेमावर ‘वर्णद्वेषी’ असा शिक्का मारून फाइल बंद करतो. तेही नको. न पटणाऱ्या निरीक्षणालाही वहीत जागा लागते.

निरीक्षण असं: शेवटी हसतात त्या दोघी बायका. तरुण वर्तमानपत्रामागे दडलेला आहे. प्रवासात एकट्यादुकट्या बाईची छेड काढणारा पुरुष ही त्या काळच्या अमेरिकन शहरांत रोजची तक्रार होती, आणि या सिनेमात त्याला शिक्षा होते. मोलकरीण रडत नाही, चिडत नाही, मालकिणीइतकीच मोकळेपणाने हसते. पडद्यावर ही भूमिका करायला तोंडाला काळं फासलेला गोरा नट घेणं तेव्हा सर्रास चालत होतं. इथे खरी कृष्णवर्णीय अभिनेत्री आहे, आणि तिचं हसू तिचं आहे. जॅकलिन स्ट्युअर्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी या सिनेमाबद्दल लिहिताना अशा गुंतागुंतीकडे लक्ष वेधलं आहे, ते उगाच नाही.

बर्था रेगुस्टस हे नाव इथे पुन्हा येतं. 1907 साली पोर्टरनेच ‘लाफिंग गॅस’ काढला. मॅन्डी नावाची कृष्णवर्णीय बाई दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाते. डॉक्टर तिला गुंगीचा वायू देतो आणि तिला हसू आवरेनासं होतं. ती हसत हसत शहरभर फिरते आणि जिथे जाते तिथे सगळे हसायला लागतात, पोलीससुद्धा, न्यायाधीशसुद्धा. सुरुवातीला आणि शेवटी पडदाभर तिचाच चेहरा. ही भूमिका रेगुस्टसचीच मानतात. 1903 साली तिचं हसू मालकिणीच्या शेजारी, एका कोपऱ्यात होतं. चार वर्षांनी तेच हसू सगळ्या शहराला ओढत नेतं. हाही निर्दोष सिनेमा नव्हे, ‘मोकाट हसणारी कृष्णवर्णीय बाई’ हा साचा त्यात आहेच. पण साच्याच्या आतही एक अभिनेत्री काम करत होती. तिला फक्त ‘बळी’ म्हटलं तर आपणही तिला पुन्हा एकदा अंधारात बसवतो.

तेव्हा निष्कर्ष कसा लिहायचा? मी असा लिहीन: या सिनेमात दोघी मिळून एका पुरुषाला हसतात हे खरं, पण त्यांना हसता यावं म्हणून आधी त्यांच्यातल्या एकीला ‘नकोशी वस्तू’ व्हावं लागतं, आणि कोण होणार हे तिच्या वर्णाने ठरतं. दोन्ही अर्धी वाक्यं लागतात. एक गाळलं की विधान सोपं होतं आणि खोटंही.

हा पुरावा आपल्यापर्यंत आला कसा?

हा प्रश्न तुमच्या प्रपोजलमध्ये आला नाही तर गाइड नक्की विचारतील. त्या काळची फिल्म नायट्रेटची. भडकन पेटणारी, कुजणारी. मूकपटांतले बहुसंख्य असेच नष्ट झाले. मग एडिसनचा हा सिनेमा कसा वाचला? कायद्यातल्या एका फटीमुळे.

1912 पर्यंत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात चलच्चित्र अशी वेगळी नोंदच नव्हती, छायाचित्राची मात्र होती. म्हणून कंपन्या अख्खा सिनेमा, एकेक चौकट, कागदाच्या लांब पट्टीवर छापायच्या आणि ‘ही छायाचित्रं’ म्हणून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करायच्या. कागद पेटला नाही, कुजलाही नाही. तीन हजारांहून जास्त सिनेमे असे कागदावर उरले. 1950 च्या दशकात केम्प निव्हर यांनी ते चौकट-चौकट पुन्हा फिल्मवर उतरवायला घेतले, त्याबद्दल त्यांना विशेष ऑस्करही मिळालं.

गोष्ट छान आहे, पण तिच्यात एक सापळा आहे. कागदावर उरलं ते कॉपीराइटची फिकीर आणि खर्च परवडणाऱ्यांचं. त्यात एडिसन आणि बायोग्राफ भरपूर. ‘समथिंग गुड’ मात्र योगायोगाने सापडलेल्या जुन्या फिल्मवर अवलंबून. म्हणजे आपला नमुना आधीच एका बाजूला झुकलेला आहे. दहा विनोदी सिनेमे बघून ‘त्या काळी सगळे असेच’ म्हणणारा माणूस खरं तर ‘कॉपीराइट नोंदवणारे असेच’ एवढंच म्हणू शकतो. सांख्यिकीच्या पहिल्याच धड्यात आपण हे शिकतो, आणि इतिहास वाचताना पहिल्यांदा हेच विसरतो.

मराठी विद्यार्थ्याने याच्या भानगडीत का पडावं?

हा प्रश्न मला बरेचदा विचारतात, म्हणून थोडक्यात. अमेरिकेच्या वर्णभेदाकडे मराठीतून बघणं काही आजचं नाही. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. ते तीस वर्षांनी आलेल्या या सिनेमाच्या कितीतरी आधी. तिथला संघर्ष इथे वाचला जात होता आणि इथल्या प्रश्नाशी ताडून बघितला जात होता. वर्ण आणि जात एकच नव्हेत, सरसकट तुलना केलीत तर मार खाल. पण कोण कुणाशेजारी बसू शकतं, आणि नोकर म्हणून चालणारा माणूस बरोबरीचा म्हणून का चालत नाही, हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. बाहेरचं उदाहरण तपासताना हात स्वच्छ राहतो. ती सवय लागली की घरचं उदाहरण तपासायची तयारी होते.

तर आता तुमचं काम. तुमच्या विषयातला एक जुना विनोद निवडा. व्यंगचित्र, प्रहसन, सिनेमातला प्रसंग, काहीही. एका पानावर विशेषण न वापरता त्याचं वर्णन लिहा. त्याच सूत्रावरची आणखी दोन उदाहरणं शोधा आणि कुठल्या जागी काय बदललं ते मांडा. त्याच काळातला एक तरी माणूस शोधा, ज्याला तो विनोद पटला नसता, आणि तसं दाखवणारा कागद मिळवा. आपला पुरावा कुणी, कशासाठी जपला ते दोन ओळींत लिहा. शेवटी निष्कर्ष लिहा, दोन्ही अर्ध्या वाक्यांसकट. एवढं झालं, की पुढच्या वेळी कुणी “तो काळच तसा होता” म्हणालं, तर वाद घालू नका. शांतपणे विचारा, “कुणाचा काळ?” आणि वही उघडा.